सुटली म्हण

भंडारा, १२ फेब्रुवारी १९८९

चि. टिकारामास मधुकरमामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. पहिल्या पानावर तिकडचे बर्फ, दुसऱ्या पानावर चंद्रकांतेचे डोहाळे, आणि शेवटी समासात, मुंगीच्या अक्षरात, 'एक गाडी घेतली आहे' एवढे एक वाक्य. बाळा, मी जन्मभर पोरांच्या संस्कृतच्या उत्तरपत्रिका तपासत आलो आहे. जे समासात लिहिलेले असते तेच खरे उत्तर असते, हे मला कळते.

ऑफिसातल्या कुणाची बदली झाली आणि त्याने जवळजवळ नवी गाडी तुझ्या गळ्यात घातली, इथपर्यंत समजले. लाल रंग, बुटका बांधा, पळण्याच्या शर्यतीतल्यासारखा थाट, आणि गेर म्हणे सहा. सहा कशाला रे? कामक्रोधादी षड्रिपूंना प्रत्येकी एक असावा.

थट्टा पुरे. नेहमीप्रमाणे पत्र अड्याळला नेऊन ताईला वाचून दाखवले. समासापर्यंत तुझी आई हसत होती. मग म्हणाली, "गेर हातानं टाकाचा हाय का?"

"हो, हातानेच."

त्यानंतर ती बराच वेळ सूप घेऊन नुसतीच बसली. पाखडेना. तुझे बाबा, धनीरामभाऊ, कारध्याच्या उतारावर गेले तेव्हा तू पाळण्यात होतास. ट्रकचा गेर निसटला आणि ट्रक नदीकडे निघाला, ही गोष्ट तुला ऐकून माहीत आहे. तिला ऐकून माहीत नाही. ती शेजारी बसली होती. भाऊंनी तिला दारातून बाहेर ढकलले, आणि मग त्यांना वेळ उरला नाही.

तिचे शब्द जसेच्या तसे देतो, माझे काम टपालवाल्याचे: "त्याले लिव्ह, पाय हलका ठेवाचा. जोरात दाबशीन त माहं मेलं तोंड पायशीन."

शपथाबिपथा मी मानत नाही, तुला ठाऊकच आहे. पण शपथ घालताना माणसाचा आवाज चढतो. तिचा खाली गेला. म्हणून मी या खेपेस विनोद केला नाही. तू उलट टपाली 'पाळीन' एवढे लिहून पाठव.

तुझा,
मधुकरमामा

*

ओहायो, ५ मार्च १९८९

ती. मामांस टिकारामचा साष्टांग नमस्कार.

पाळीन. आईला सांगा, अंड्यावर ठेवावा तसा पाय ठेवतो. इथपर्यंत तिला वाचून दाखवा. पुढचं तुमच्यासाठी आहे.

मामा, गाडी चांगली आहे, पण तिच्यात एक खोड आहे, आणि ती मला घाबरवते. पहिला गेर टाकून निघायचं, थोडा वेग आला की दांडी सरळ मागे ओढून दुसरा टाकायचा. मी ओढतो, आणि अर्ध्या वाटेत कोणीतरी ती उजवीकडे ढकलतं आणि थेट चौथ्यात नेऊन घालतं. दुसरा नाही, तिसरा नाही. समोर एक दिवा लागतो, त्यावर लिहिलेलं असतं 'एक ते चार'. चौथ्यात तेवढ्या वेगाला इंजिनात जीव नसतो. गाडी गचके खाते, मागचे लोक भोंगे वाजवतात.

मला वाटलं बिघाड आहे. दुकानात नेली तर तिथला माणूस हसला. म्हणाला, बिघाड नाही, कंपनीने मुद्दाम बसवलंय. पेट्रोल कमी जळतं, सरकारी तपासणीत आकडा चांगला दिसतो. एक बारीक खिळा आतून पुढे येतो आणि दुसऱ्याची वाट बंद करतो. रोज नाही करत. कधी करते, कधी नाही. कधी करणार ते मला अजून कळलेलं नाही, आणि भीती त्याचीच आहे.

ती दांडी हातातून वळते ना, तेव्हा माझ्या हातावर दुसऱ्या कुणाचा तरी हात आहे असं वाटतं. बाबांना त्या उतारावर असंच वाटलं असेल का हो?

चंद्रकांता ठीक आहे. ऑगस्टची तारीख दिली आहे.

तुमचा,
टिकू

*

भंडारा, २८ मार्च १९८९

चि. टिकारामास आशीर्वाद.

तुझ्या गाडीच्या रोगाचे निदान मी बसल्या जागी केले आहे. व्याकरणात त्याला मंडूकप्लुती म्हणतात. बेडूक जसा मधली जागा न शिवता पुढे उडी मारतो, तसे एखादे पद मधली सूत्रे ओलांडून एकदम पुढच्या सूत्रात जाऊन बसते. आम्हाला वाटे ही खोड फक्त वैयाकरणांना असते. कारखानदारांनाही असते, हे वाचून समाधान झाले. प्रथमेवरून थेट चतुर्थी! कर्त्याने निघायचे आणि एकदम कुणाला तरी काही देऊन मोकळे व्हायचे. मधले कर्म कुठे गेले, करण कुठे गेले? आश्रमांच्या हिशेबाने पाहिले तर आणखी कठीण. ब्रह्मचर्यावरून सरळ संन्यास. ऑगस्टात बाप होणाऱ्या माणसाला असली गाडी विकली कुणी?

आता कबुली. अड्याळला तुझे पत्र वाचताना मीही बेडूकच झालो. 'अंड्यावर ठेवावा तसा' पर्यंत वाचले आणि उडी मारली ती थेट 'चंद्रकांता ठीक आहे' वर.

ताई म्हणाली, "मधू, मधात काहून थांबला?"

"चष्मा पुसत होतो."

"चष्मा त नाकावरच होता तुह्या."

 निघताना ती एस.टी.पर्यंत आली, आणि खिडकीतून हात आत घालून माझे मनगट धरून म्हणाली, "हळू चालवते न तो?" गाडी सुटेपर्यंत तिने हात सोडला नाही. कंडक्टर ओरडला तेव्हा सोडला.

तेव्हा मामाची आज्ञा समज. ती हातावरच्या हाताची वगैरे कल्पना डोक्यातून काढून टाक, आणि आहेस त्याहून हळू चालव. दुप्पट हळू. ओहायोत तुझ्यावाचून कुणाचे अडले आहे?

तुझा,
मधुकरमामा

*

ओहायो, २८ मे १९८९

ती. मामांस नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. लिहायला घेत होतो आणि ठेवून देत होतो.

तुमचं पत्र आल्यावर मी दुप्पट हळू चालवायला लागलो. आणि गाडी रोज चौथ्यात जायला लागली.

आमच्या घराकडून गावात जाताना एक रेल्वे फाटक आहे. फाटक म्हणायचं, दांडा नाही. नुसती पाटी आणि वर दिवा. रूळ उंचवट्यावर आहेत, अलीकडे थांबायचं, दोन्हीकडे पाहायचं, मग चढून ओलांडायचं. ऑफिस तिकडे, दवाखाना तिकडे, दुसरा रस्ता नाही. मागच्या मंगळवारी चंद्रकांतेला तपासणीला नेत होतो. थांबलो, पाहिलं, निघालो, दुसरा टाकायला गेलो. दांडी चौथ्यात. गाडी दोनदा हिसकली आणि रुळांवर बंद पडली.

आगगाडी येत नव्हती. हे आधी लिहायला हवं होतं. येत नव्हती. पण किल्ली माझ्या हाताने फिरेना; चंद्रकांतेने वरून तिचा हात ठेवला, तेव्हा ती फिरली.

त्या दिवशी पुन्हा दुकानात गेलो. या वेळी त्या माणसाने पुस्तक काढून वाचून दाखवलं. मामा, ती खोड कधी येते ते आता कळलं. पाय हलका असला की येते. जो जोरात दाबतो त्याला दुसरा मुकाट्याने मिळतो. जो हळू, जपून, अंड्यावर पाय ठेवल्यासारखा चालवतो, फक्त त्यालाच ती चौथ्यात घालते.

समजलं ना तुम्हाला? आईची शपथ पाळतो म्हणून हे होतं.

गाडीखालची एक तार उपटली की खोड कायमची जाते, असं सगळे सांगतात. पण ती सरकारी नियमासाठी बसवलेली, आणि माझे इथले कागद अजून कच्चे. परक्या देशात सरकारी गोष्टीला हात लावायची माझी छाती नाही. गाडी विकायला काढली आहे, कोणी विचारत नाही. पहिल्यातच रेटून ओलांडायचं ठरवतो, तर रूळ आले की सवयीने हात आधीच दांडीवर गेलेला असतो.

नुसता पाय दाबला की झालं. तेवढंच मला जमत नाही. मी इंजिनियर आहे मामा, मला हसू नका. पाय दाबायला जातो आणि अड्याळचं अंगण डोळ्यांसमोर येतं, आई सूप घेऊन बसलेली, आणि वाटतं, इथे मी दाबलं की तिकडे ती आडवी होईल. लहानपणी कोणी शपथ घातली की आम्ही त्याच्या मागे लागायचो, सुटली म्हण, सुटली म्हण. ज्याने घातली त्याने आपल्या तोंडाने 'सुटली' म्हटल्याशिवाय ती सुटायची नाही. तुम्ही आईकडून तेवढा शब्द घ्या. पत्राची वाट पाहवणार नाही. तारेने कळवा. तोवर मी हलकाच पाय ठेवीन.

तुमचा,
टिकू

*

भंडारा, मंगळवार, २० जून १९८९

चि. टिकारामास आशीर्वाद.

हे पत्र पोचेल तेव्हा माझी तार मिळून तुला पंधरवडा झाला असेल आणि तू राजरोस दुसऱ्या गेरात हिंडत असशील. तरी सविस्तर लिहितो, कारण असा दिवस रोज येत नाही.

तुझे पत्र काल मिळाले. आज पहिल्या गाडीने अड्याळ गाठले. ताई धानाच्या शेतात, बांधीत होती, रोपांसाठी पऱ्हे टाकायचे दिवस, चिखल पोटऱ्यांपर्यंत. मी बांधावर उभा राहून सगळे पत्र वाचले. मागच्या वेळी बेडकासारखी उडी मारून गाळले होते तेही तिला तसेच सांगितले. या खेपेस बेडूक झालो नाही.

"ताई, तू त्याला पाय हलका ठेवायला सांगितलेस. त्या गाडीत पाय हलका ठेवला की ती चौथ्यात जाते."

"गाडी चौथ्यात जाते, का माहा पोरगा जाते?"

"दोघेही."

"अन् मंग रुयावर बंद पडते."

"एकदाच पडली."

"म्हंजे म्याच त्याले रुयावर उभं केलं."

"तसे नव्हे, ताई."

"मंग कसं?"

 ती चिखलात तशीच उभी. टिकाराम, मी तिला भाऊंच्या वेळी पाहिले आहे, तसाच चेहरा. मग ओठांतल्या ओठांत म्हणाली, "सुटली." मला ऐकू आले, पण तिला पुरेसे वाटले नसावे. तिने पश्चिमेकडे तोंड केले (अमेरिका तिकडे आहे असे तिला कोणी तरी सांगितले आहे) आणि तलावापलीकडे जाईल असा आवाज काढला, "सुटली रे टिकू! सुटली!"

शेजारच्या बांधीतून बायजाबाई धावत आली. "काय सुटलं व सत्यभामा? बैल सुटला का?"

"पोरगं सुटलं," ताई म्हणाली आणि खाली वाकून पुन्हा कामाला लागली.  

मी तसाच परत भंडाऱ्याला येऊन तारघर गाठले. परदेशची तार रोमन अक्षरांत लिहावी लागते. आधी लिहिले, 'आई सुटली म्हणाली'. मग आतला वैयाकरण जागा झाला. 'म्हणाली' कशाला? तू 'सुटली' एवढ्याच शब्दाची वाट पाहतो आहेस, क्रियापद तू स्वतः घेशील. अध्याहार ही भाषेची शोभा आहे. म्हणून शेवटचा शब्द खोडला आणि दिली: 'आई सुटली. मधुकर.' कसे सुटसुटीत!

तारबाबू फार हळवा निघाला. कागद वाचून त्याने चष्मा काढला.

"केव्हा झालं, गुरुजी?"

"आत्ताच, सकाळी. मी स्वतः तिथे होतो."

"वय झालं होतं का?"

"साठीच्या आत-बाहेर."

"वाईट झालं."

"वाईट कसले? मोकळी झाली! आणि पोरगाही मोकळा झाला."

तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला त्याचीच काळजी वाटली. रांगेत न ठेवता त्याने माझी तार सर्वांत आधी पाठवली. सरकारी नोकरीत इतका आपलेपणा मी पाहिला नव्हता.

पाऊस जोरात लागला आहे. इकडच्या टेलिफोनच्या तारा कालपासून पडल्या आहेत. आपली तार मात्र गेली, हे भाग्य. चंद्रकांतेस आशीर्वाद. पाय दाब.

तुझा,
मधुकरमामा

*

ओहायो, २२ जून १९८९

ती. मामा,

तार मिळाली.

इथे तार घरी येत नाही. फोनवर एक बाई वाचून दाखवते. तिला शब्द उच्चारता येईनात, म्हणून तिने एक एक अक्षर सांगितलं आणि मी पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं. शेवटी तिने विचारलं, ही काही सांकेतिक भाषा आहे का. मी म्हटलं, नाही, माझी भाषा आहे.

तुम्ही 'वारली' लिहिलं नाहीत. 'सुटली' लिहिलंत. तिला फार त्रास झाला होता का? की मला बरं वाटावं म्हणून?

आता तुम्हाला सांगतो. आणखी कोणाला सांगणार. सोमवारी चंद्रकांतेला दवाखान्यात नेत होतो. रुळांपाशी थांबलो, दोन्हीकडे पाहिलं. वळणामुळे उजवीकडचं फार लांबचं दिसत नाही. निघालो. पाय हलका होता, मामा. त्या क्षणापर्यंत पाय हलका होता. दांडी चौथ्यात गेली, गाडी गचके खात रुळांवर आली आणि उजवीकडून भोंगा ऐकू आला. चंद्रकांता नुसतं 'अहो' म्हणाली. ओरडली नाही. मी दांडी पुन्हा पहिल्यात आणली आणि पाय मुळापर्यंत दाबला. गाडीने उडी घेतली. पलीकडे उतरल्यावर दांडी मागे ओढली तर दुसरा असा अलगद पडला, जसा आधीपासून तिथेच वाट बघत होता. मागून मालगाडी गेली. किती तरी वेळ जात होती.

मी रस्त्याच्या कडेला गाडी लावली आणि तोंडातून 'आई' निघालं. मला तेव्हाच कळलं. चंद्रकांतेच्या पोटात दुखायला लागलं होतं म्हणून तिला घेऊन धावलो, नाहीतर तिथेच बसून राहिलो असतो. मग तार.

तिला दवाखान्यातच ठेवलं आहे. पडून राहायचं, उठायचं नाही. मूल ठीक आहे म्हणतात. तिला सोडून मला येता येत नाही. तुम्हाला फोन लावत राहिलो, मुंबईची बाई सांगते, भंडाऱ्याची लाईन पावसाने बंद आहे. म्हणून तार केली की पुढचं सगळं तुम्ही करा. अग्नीही तुम्हीच दिला असेल.

इथल्या न्हाव्याकडून डोकं उतरवून घेतलं. त्याने विचारलं, फौजेत चाललास का. नदीवर जाऊन तीळपाणी दिलं. इथे पावावर लावायचे तीळ मिळतात, तेच घेतले. मंत्र येत नव्हते. नुसतं नाव घेतलं.

'मेलं तोंड पायशीन' म्हणाली होती. ते सुद्धा पाहायला मिळालं नाही. मी पाय दाबला, तिने शब्द खरा केला, आणि तोंड मात्र दाखवलं नाही.

टिकू

*

तार. भंडारा, २४ जून १९८९

आई जिवंत आहे. आई बरी आहे. शपथ सुटली असे आई म्हणाली. मरण पावलेले कोणीही नाही. चूक माझी. मधुकर.

*

भंडारा, १६ जुलै १९८९

चि. टिकारामास आशीर्वाद.

दुसऱ्या तारेत मी एकही शब्द अध्याहृत ठेवला नाही, हे तू पाहिले असशील. तुझ्या गाडीतली तार आणि माझी तार, दोन्ही उपटून टाकण्याच्या लायकीच्या. एवढा एकच विनोद या पत्रात आहे. पुढे नाही.

तुझी 'पुढचं सगळं तुम्ही करा' ही तार माझ्या हातात पडली तेव्हा मी पायरीवर उभा होतो. वाचली आणि तिथेच बसलो. तारबाबूचा चष्मा काढलेला चेहरा आठवला. दोन शब्दांचा अर्थ कळायला मला चार दिवस लागले, आणि मी पोरांना अर्थ शिकवतो. धावत तारघरात गेलो. तोच तारबाबू होता. मी लिहिलेले वाचून तो हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, "गुरुजी, हे शब्द मी मोजत नाही, तुम्ही लिहीत जा."

ताईला मी यातले काही सांगणार नव्हतो. पण तुझे २२ जूनचे पत्र आले ते नेमके ती इथे माझ्याकडे आलेली असताना. तिने पाकीट ओळखले. मी उघडले आणि पहिली ओळ वाचूनच थांबलो.

"बेंडूक होऊ नको, मधू," ती म्हणाली. "सबन वाच."

सगळे वाचले. ती रडली नाही. आपल्याच मरणाची हकीकत एखादीचे लग्न कसे झाले ते ऐकावे तशी ऐकत होती. तिळांपाशी मला थांबवले.

"कोणते तीय म्हनते?"

"पावावर लावायचे."

"चालते," म्हणाली.

मग विचारले, "त्यानं पाय दाबला तो कोनत्या वारी?"

मी म्हटले, "बुधवारी."

"मधू."

"सोमवारी."

तिने बोटे पुढे धरली. "सोमवारी त्यानं मोडली. मंगयवारी म्या सोडली. मधातली एक रात उघडीच राह्यली."

मी तिला समजावले. शब्दाने कोणी मरत नाही, तू समोर बसली आहेस, काही झाले नाही. ती म्हणाली, "झालं नाही म्हनतेस, का अजून झालं नाही?" टिकाराम, खरे सांगतो, त्या दिवसापासून मी पहाटे उठतो आणि ती झोपली असते तिथे जाऊन पांघरूण हलते का ते पाहतो. मी, ज्याला शपथा हास्यास्पद वाटतात. एकदा तिने डोळे न उघडताच म्हटले, "हाय रे बावा, हाय. जा, झोप."

परवा सकाळी ती नवे लुगडे नेसून उभी राहिली. "मले फोटोवाल्याकडं ने."

बाजारातल्या जागेश्वरच्या दुकानात गेलो. त्याने तिला खुर्चीवर बसवले, मागे पडदा सोडला, मान सरळ केली. मग ओरडायला लागला, "मावशी, डोये उघडा."

"नाही उघडत."

"अहो, डोये मिटून फोटो कसा काढू मी?"

"डोये माहे हायेत. तू तुह्यं काम कर."

तो माझ्याकडे पाहू लागला. मला तेव्हा कळले ती काय करते आहे ते. मी म्हटले, "ताई, नको." तिने मान हलवली नाही. हात मांडीवर उताणे ठेवले, ओठ मिटले, आणि तिचा चेहरा असा उतरत गेला की मी दाराबाहेर गेलो. मला आत पाहवले नाही. दिवा लखकन चमकलेला बाहेरून दिसला.  मी हाक मारली, "ताई, झाले." उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. रस्त्यावरची माणसे वळून पाहू लागली, एवढा माझा आवाज चढला होता.

आतून ती म्हणाली, "थांब न जरासा. पाहू दे टिकूले बरोबर."

फोटो सोबत आहे. पुढचे तिचे शब्द आहेत, एकही न गाळता:

"टिकू, हे माहं मेलं तोंड. पाहून घे. पाह्यलं का शपथ पुरी झाली, मंग कोनाचं काही लागत नाही. मुंडन केलं, तीय देल्ले, तोंड पाह्यलं. मी तुह्यासाठी एकदा मेली. दुसऱ्यांदा मराची मले घाई नाही. चंद्रकांतेले दाखवू नको, पोटुशी बाई हाय. तूच पाय. पाह्यल्यावर पानी पे. मंग पाय दाबाचा तेवढा दाब. पन फोटो पाह्यल्याबिगर गाडीले हात लावू नको, तुले माही..."

इथे तिने स्वतःच तोंडावर हात ठेवला.

"लिव्हू नको ते," म्हणाली. मी लिहिले नसते, पण एकही शब्द न गाळण्याचे ठरवले आहे.

तुझा,
मधुकरमामा

*

ओहायो, ६ ऑगस्ट १९८९

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

दुसरी तार फोनवर ऐकली तेव्हा त्या बाईला ती तीनदा वाचायला लावली. तेव्हापासून आनंद झाला म्हणायचो, पण गाडीत बसत नव्हतो. ऑफिसला एका शेजाऱ्याबरोबर जायचो. आईने सोमवार-मंगळवार केलं, तेच मीही करत होतो, इथे, एकटा.

पाकीट परवा आलं. पत्र वाचलं, फोटो उलटा ठेवला. दोन दिवस टेबलावर तसाच पडला होता. चंद्रकांता दवाखान्यात, घरात मी आणि तो. आज सकाळी दार लावून घेतलं आणि सरळ केला.

आईला सांगा, पाहिलं. नीट पाहिलं. नजर काढली नाही. कपाळावरचा तो वण, ट्रकमधून पडली त्याचा, मला आजवर कधी दिसला नव्हता. डोळे उघडे असले की माणूस डोळ्यांकडेच बघतो. पाहून झाल्यावर पाणी प्यायलो.

मग गाडी काढली. रुळांपाशी थांबलो, दोन्हीकडे पाहिलं, पाय दाबला. दांडी मागे ओढली. दुसरा पडला. हातावर कोणाचा हात नव्हता. पलीकडे गेलो.

दवाखान्यात पोचलो तेव्हा चंद्रकांतेला आत नेलं होतं. दुपारी मुलगी झाली. नर्सने माझ्या हातात दिली तेव्हा ती डोळे घट्ट मिटून होती, ओठ मिटलेले, हात उताणे. मी घाबरून नर्सला हाक मारली. ती हसली आणि म्हणाली, थांबा जरा, उघडेल.

आईला पुन्हा फोटोवाल्याकडे न्या. या वेळी डोळे उघडे.

तुमचा,
टिकू